जसा आहे तसा : बिल विदर्सच्या पहिल्या आल्बमचं प्रकरण

लॉस एंजेलिसमधल्या एका स्टुडिओत एक कामगार गाण्यांची वही घेऊन आला. पायात कारखान्यातले बोजड बूट, बाहेर उभी केलेली गाडी म्हणजे जुना खटारा. आत वादक वाद्यं जुळवत बसले होते. त्यांच्याकडे बघून तो थबकला, निर्मात्याला बाजूला घेऊन गेला आणि हळूच विचारलं, "ही गाणी गाणार कोण?" निर्माता म्हणाला, "तूच." त्या माणसाची समजूत अशी होती की आपण गाणी रचून आणायची आणि गायला कुणीतरी खरा गायक येईल.

हा प्रसंग निर्माता बुकर टी. जोन्स याने पुढे सांगितला. तो कामगार म्हणजे बिल विदर्स, आणि ती गाणी मे १९७१मध्ये 'जस्ट ॲज आय ॲम' या नावाने बाजारात आली. त्यातलं 'एन्ट नो सनशाइन' ऐकलं नाही असा माणूस इंग्रजी गाण्यांच्या नादी लागलेल्यांत शोधून सापडायचा नाही. गाणं माहीत नसलं तरी चाल कानावर पडलेली असतेच.

मी आवाजमुद्रणाचं काम करतो. पहिला आल्बम करायला आलेल्या माणसाचं काय करायचं, या प्रश्नाशी माझी रोज गाठ पडते. बऱ्याचदा आम्ही चुकतो, आणि चुकतो ते जास्तीचं काहीतरी करून. म्हणून हे एक प्रकरण मला नीट उलगडून बघायचं आहे. बत्तिशी गाठलेला, बोलताना अडखळणारा, गिटार जेमतेम येणारा एक माणूस, आणि त्याच्याभोवती अमेरिकेतले नामांकित वादक. एवढ्या मोठ्या मंडळींनी त्याला झाकून टाकलं नाही, हे कसं जमलं?

माणूस

विल्यम हॅरिसन विदर्सचा जन्म ४ जुलै १९३८ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या स्लॅब फोर्क या कोळशाच्या खाणींच्या गावी झाला. सहा भावंडांत तो धाकटा. तो लहान असतानाच आईवडील वेगळे झाले, आणि तो तेरा वर्षांचा असताना वडील वारले. जवळच्या बेकली गावात आई आणि आजी यांच्या सावलीत तो वाढला. लहानपणापासून तो तोतरा बोलायचा. तोतरं बोलणाऱ्या मुलाला शाळेत, दुकानात, चारचौघांत काय सोसावं लागतं ते वेगळं सांगायला नको. आपल्या आजीने आपल्याला कधी तसं जाणवू दिलं नाही, असं तो पुढे सांगायचा. हा तपशील लक्षात ठेवा, तो आल्बममध्ये परत येणार आहे.

मिसरूड फुटायच्या वयात तो नौदलात गेला आणि नऊ वर्षं राहिला. विमानांच्या दुरुस्तीचं काम तिथे शिकला. बोलण्यातला अडथळा त्याने अठ्ठाविशीच्या आसपास आटोक्यात आणला. नौदल सोडल्यावर त्याने दुधाच्या गाडीवर काम केलं, कारखान्यांत काम केलं. गायक व्हायचं वेड त्याला लहानपणापासून होतं अशातला भाग नाही. ओकलंडच्या एका क्लबात लू रॉल्स हा गायक यायचा होता आणि त्याला उशीर झाला होता. क्लबचा माणूस वैतागून म्हणत होता की मी याला आठवड्याला २,००० डॉलर मोजतोय आणि याला वेळेवर यायला होत नाही. विदर्सला तेव्हा तासाला ३ डॉलर मिळत होते. आठवड्याचे चाळीस तास धरले तर १२० डॉलर. हा हिशेब त्याच्या डोक्यात बसला. त्याने गहाणवट माल विकणाऱ्याकडून एक स्वस्तातली गिटार घेतली, स्वतःच बोटं बसवली आणि गाणी रचायला लागला.

हा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो. कलावंताच्या चरित्रात आपण साधना शोधतो, गुरू शोधतो. इथे एका कामगाराने पगाराची तुलना केली आणि शिकायला बसला, इतकी सरळ गोष्ट आहे. पण त्याच सरळपणामुळे त्याला कुणासारखं तरी गायचं नव्हतं. ज्याचं अनुकरण करायचं असा कुणी त्याच्या गळ्यात मुरलेला नव्हता.

१९६७मध्ये तो लॉस एंजेलिसला आला. त्याच वर्षी त्याची पहिली तबकडी निघाली, 'थ्री नाइट्स अँड अ मॉर्निंग' नावाची. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यानंतरची काही वर्षं दिवसा कारखाना आणि उरलेल्या वेळात पदरमोड करून नमुन्याची ध्वनिमुद्रणं, असा क्रम चालू राहिला. कारखाना होता बर्बँकचा वेबर एअरक्राफ्ट. तिथे तो बोइंग ७४७ विमानांची शौचालयं जोडायचा. ते विमान तेव्हा नवंकोरं होतं, १९७०च्या जानेवारीत त्याचं पहिलं प्रवासी उड्डाण झालं.

त्या वेळचं सोल

सोल म्हणजे चर्चमधल्या गॉस्पेलचा आवेग आणि ब्लूजचं दुःख यांच्या संसारातून आलेलं गाणं. १९७१ साली त्याची दोन मोठी माहेरघरं होती. डेट्रॉइटच्या मोटाउनमध्ये कोरसचा साज आणि वाद्यवृंद असलेली चकचकीत गाणी घडायची. मेम्फिसच्या स्टॅक्समध्ये ट्रंपेट-सॅक्सोफोनच्या जोरकस फटकाऱ्यांवर आवाज उसळायचा. गायकाने घाम गाळायचा, गुडघ्यावर यायचं, किंचाळायचं, मागे झगमगीत कपड्यांतल्या मुलींनी झेल घ्यायची, असा रिवाज होता. त्याच मे महिन्यात मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' आला, त्याच उन्हाळ्यात आयझॅक हेजचं 'शाफ्ट'. दोन्ही भव्य, वाद्यांचे थरावर थर चढवलेले.

अशा बाजारात विदर्सच्या वहीत होतं काय? खुर्चीत बसून अकूस्टिक गिटारवर वाजवायची, दोन-तीन मिनिटांत संपणारी गाणी. कृष्णवर्णीय गायकाने हातात साधी गिटार घेऊन शांतपणे गोष्ट सांगणं कोणत्याच खणात बसत नव्हतं. ते काम गोऱ्या लोकगीत गायकांचं मानलं जायचं. बहुतेक कंपन्यांनी त्याला परत पाठवलं यात नवल नाही.

क्लॅरन्स अव्हांट या माणसाने पाठवलं नाही. अव्हांटने नुकतीच ससेक्स रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी काढली होती. त्याने विदर्सला करारात घेतलं आणि त्याला बुकर टी.च्या हवाली केलं. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच, असं माझं मत आहे.

बुकर टी. जोन्स विदर्सपेक्षा सहा वर्षांनी लहान, पण अनुभवाने कितीतरी मोठा. १९६२ साली, अजून विशीही गाठली नव्हती तेव्हा, 'ग्रीन अनियन्स' या वाद्यसंगीताने तो गाजला. स्टॅक्समध्ये ज्यांच्या साथीवर ओटिस रेडिंगसारखे गायक गायले त्या वाद्यमेळाचा तो ऑर्गनवादक. म्हणजे सोलमधला तो भरगच्च, घामेजलेला आवाज घडवणाऱ्यांपैकीच एक. तोच फटकारा इथे मारणं त्याला डाव्या हाताचा खेळ होता. त्याने मारला नाही. आपलं हुकमी अस्त्र म्यानात ठेवायला जी समज लागते ती निर्मात्यांत फार कमी आढळते.

त्याने वादक मात्र अव्वल बोलावले. ड्रमवर अल जॅक्सन ज्युनियर, बासवर डोनाल्ड 'डक' डन, हे दोघे त्याचे मेम्फिसचे जुने साथीदार. काही गाण्यांत बासवर ख्रिस एथ्रिज, ड्रमवर जिम केल्टनर. तालवाद्यांवर बॉबी हॉल. आणि गिटारवर स्टीफन स्टिल्स, जो तेव्हा क्रॉसबी, स्टिल्स, नॅश अँड यंग या समूहामुळे प्रसिद्धीच्या शिखरावर होता. मेम्फिसचा ठेका आणि कॅलिफोर्नियाची गिटार एका खोलीत बसली, आणि मधोमध वही उघडून शौचालयं जोडणारा माणूस.

तुटपुंजा पैसा

प्रत्येकी तीन तासांच्या चार बैठकांत आल्बम पुरा करायचा असं ठरलं होतं. पैसे कमी पडले आणि तीन बैठकांतच काम उरकावं लागलं. त्यातही दुसऱ्या आणि शेवटच्या बैठकीत सहा महिन्यांचं अंतर पडलं. बारा गाणी, तीन बैठका.

कमी पैशात चांगलं काम होतं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे लोक सहसा दुसऱ्याचे पैसे कापत असतात. पण इथे त्या टंचाईचा एक परिणाम ऐकू येतो. एकाच गाण्यावर पंधरा-वीस वेळा पुट चढवायला वेळच नव्हता. वादकांनी गायकाकडे बघत वाजवलं, जे आलं ते ठेवलं. 'डू इट गुड' या गाण्यात तर विदर्स मधेच सरळ बोलायला लागतो. आपण आधी कधी आल्बम केलेला नाही, बुकर टी.ने आपल्याला सांगितलं की काळजी करू नको, तू जे करतोस तेच कर आणि नीट कर. ही स्टुडिओतली खाजगी कबुली तबकडीवर तशीच आहे. दुसऱ्या कुणी ती कापून टाकली असती.

सहा महिन्यांच्या त्या खंडात विदर्स कारखान्यातच होता. गाण्याच्या धंद्याचा भरवसा नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नोकरी त्याने सोडली नाही.

सव्वीस वेळा

'एन्ट नो सनशाइन' हे गाणं दोन मिनिटं आणि वर काही सेकंद एवढंच आहे. सुचलं ते 'डेज ऑफ वाइन अँड रोजेस' हा १९६२चा चित्रपट टीव्हीवर बघताना. त्यात जॅक लेमन आणि ली रेमिक यांनी दारूच्या आहारी गेलेलं जोडपं उभं केलं आहे. जे आपल्याला पोखरतं त्याचीच ओढ लागते, ही त्या चित्रपटातली गोष्ट विदर्सच्या मनाला चिकटली.

गाणं हेडफोनवर ऐका. सुरुवातीचं संगीत नाही. घरात कुणी आहे का हे न बघता माणूस स्वतःशीच बोलायला लागतो, तसा आवाज येतो. गिटार बोटांनी छेडलेली, बास आणि ड्रम अदबीने मागे. व्हायोलिनं पहिल्या कडव्यात नाहीतच, दुसऱ्यात हळूच शिरतात आणि आवाजाच्या वर चढत नाहीत. ती निघून गेली की ऊन नाही, ऊब नाही, घर घर नाही. एवढंच म्हणणं. ध्रुवपद वेगळं नाही, चढण नाही, टिपेचा स्वर नाही.

आणि तिसऱ्या कडव्याच्या जागी तो "आय नो, आय नो, आय नो" म्हणत सुटतो. सव्वीस वेळा. साथ पातळ होते, आवाज जवळजवळ उघडा पडतो. शब्द ठेक्याच्या कधी पुढे जातात, कधी मागे राहतात. हट्टाने तेच तेच म्हणणाऱ्या माणसाचा श्वास कसा आखूड होत जातो ते कळतं. मग तो एकदम थांबतो आणि त्या तरुणीला आता सोडून द्यायला हवं, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटून मूळ ओळीवर परततो.

आपल्याकडे चालीवर गाणं लिहिताना कवीचे शब्द येईपर्यंत संगीतकार काहीबाही अक्षरं भरून ठेवतो, त्याला आम्ही डमी शब्द म्हणतो. हे सव्वीस "आय नो" डमी शब्द होते. विदर्सला तिथे कडवं लिहायचं होतं, ते लिहून झालं नव्हतं. बुकर टी. म्हणाला, आहे तसंच ठेव. बाकीच्यांचंही तेच मत पडलं. स्टिल्सच्याच समूहातला ग्रॅहॅम नॅश त्या दिवशी वाजवायला नव्हता, नुसता समोर बसून धीर देत होता. विदर्सने पुढे एका मुलाखतीत या प्रसंगाचं कारण फार सरळ सांगितलं. हे सगळे नाव कमावलेले अनुभवी लोक, आणि मी कारखान्यातला कामगार. त्यांना वाटतंय ठेवावं, तर ठेवलं.

इथे मला थांबायला हवं, कारण माझ्या कामातली एक जुनी बोच या जागी वर येते. काही वर्षांपूर्वी एक मुलगा आमच्याकडे पहिलं ध्वनिमुद्रण करायला आला होता. गाणं त्याचं स्वतःचं, आईवर रचलेलं. फोनवर गाऊन त्याने आम्हाला पाठवलं होतं. त्यात शेवटच्या अंतऱ्याला शब्द संपले होते आणि तो नुसता गुणगुणत राहिला होता, गुणगुणताना एकदा आवाज फाटला होता. आम्ही काय केलं? शब्द लिहून घेतले, सूर सॉफ्टवेअरने सरळ केले, बासरी घातली, सतार घातली. गाणं सुबक झालं. त्या मुलाने शेवटचं मिक्सिंग ऐकलं, छान आहे म्हणाला आणि गेला. फोनवरचं ते ध्वनिमुद्रण माझ्याकडे अजून आहे आणि मी तेच ऐकतो. त्या खोलीत त्याला "आहे तसंच ठेव" असं सांगू शकणारा माणूस मी होतो. मी सांगितलं नाही.

म्हणून बुकर टी.च्या त्या एका वाक्याची किंमत मला कळते. अपुरं राहिलेलं आणि पुरं झालेलं यांतला फरक रचणाऱ्याला बहुधा दिसत नाही. त्याला फक्त गाळलेली जागा दिसते. बाहेरून ऐकणाऱ्याला तिथे माणूस दिसतो. नॅशने त्याला सांगितलं होतं की तू किती चांगला आहेस हे तुला माहीत नाही. ते खरंच होतं, पण मला वाटतं त्याच न कळण्यामुळे तो ऐकायला तयार झाला. थोडा मुरलेला गायक असता तर कडवं लिहूनच घरी गेला असता.

आजीचे हात

या आल्बममधलं माझं सर्वांत आवडतं गाणं मात्र 'ग्रँडमाज हँड्स'. तेही दोन मिनिटांचं. पाय आपटल्यासारखा ठेका, गिटारचा एकच घुमणारा तुकडा, वरून घशातली एक गुणगुण.

सगळं गाणं हातांवर आहे. आजीचे हात रविवारी सकाळी चर्चमध्ये टाळ्या वाजवतात, खंजिरी वाजवतात. ते हात इशारा देतात, एवढ्या जोरात पळू नकोस, पडशील, तिथे काच असेल, साप असेल. शेजारची पोरगी अडचणीत सापडली तर तिला धीर देतात. कधीकधी ते हात सुजतात, ठणकतात. नातू पडला की तेच हात त्याला उचलतात. आणि शेवटी, स्वर्गात गेलो तर मी आधी आजीचे हात शोधीन, असं तो म्हणतो.

सुजलेल्या हातांची ती ओळ ऐका. प्रेमाच्या गाण्यांच्या त्या बाजारात, १९७१ साली, संधिवाताने सुजलेली म्हाताऱ्या बाईची बोटं गाण्यात कुणी आणली असतील? विदर्सची आजी लूला हिने ज्या तोतऱ्या पोराला जवळ घेतलं, त्याने अडखळणाऱ्या जिभेने नव्हे, तर गाण्याने ते फेडलं. आजीच्या मायेला त्याने एकही मोठा शब्द वापरलेला नाही. साप, काच, खंजिरी, सूज. पाहिलेल्या वस्तू एकामागून एक ठेवल्या आहेत. जात्यावर बसून नातवाचं कौतुक ओवीत घालणाऱ्या बायकांच्या देशातले आपण, आपल्याला ही रीत परकी वाटायचं कारणच नाही.

हे गाणं पुढे अमेरिकन बाजारात ४२व्या क्रमांकापर्यंत गेलं, म्हणजे फार गाजलं नाही. पण पंचवीस वर्षांनी ब्लॅकस्ट्रीट या समूहाने त्यातली ती सुरुवातीची गुणगुण आणि गिटार उचलून 'नो डिगिटी' केलं आणि ते १९९६मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. लाखो तरुण पोरं नाचली ती एका आजीवरच्या गाण्याच्या तुकड्यावर.

आल्बममधली इतर गाणी भराभर सांगतो. 'हार्लेम' दर कडव्याला पट्टी चढवत न्यूयॉर्कच्या त्या वस्तीतला उन्हाळा, हिवाळा, शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ दाखवतं. मघाची ती १९६७ची पडलेली तबकडी आठवते? तिचंच हे नवं रूप. 'होप शील बी हॅपियर'मध्ये सोडून गेलेल्या बाईला तो खरोखर सुख चिंततो. 'आयम हर डॅडी'मधल्या बापाला आपल्याला मुलगी आहे हे कळतंच मुळी उशिरा. शेवटच्या 'बेटर ऑफ डेड'मध्ये, ज्याला बायकामुलं सोडून गेली आहेत असा दारुडा बोलतो आणि गाणं बंदुकीच्या आवाजावर संपतं. तो आवाज मला आजही जास्तीचा वाटतो. एवढा संयम पाळल्यावर तिथेच हात का सुटला कळत नाही. फ्रेड नीलचं 'एव्हरीबडीज टॉकिन' आणि बीटल्सचं 'लेट इट बी' ही दोन दुसऱ्यांची गाणी बरी गायली आहेत, पण ती काढली असती तर आल्बमचं काही अडलं नसतं. आपली गाणी पुरेशी आहेत यावर कुणाचा तरी तिथे पूर्ण विश्वास नव्हता, असं मला ते ऐकताना वाटतं.

डबा हातात

वेष्टनावरचं छायाचित्र स्टुडिओत काढलेलं नाही. बर्बँकच्या कारखान्याशी, जेवणाच्या सुट्टीत विदर्स विटांच्या भिंतीपुढे उभा आहे आणि त्याच्या हातात जेवणाचा डबा आहे. अंगात साधे कपडे. चेहऱ्यावर हसू आहे, पण ते कॅमेऱ्यासाठी केलेलं वाटत नाही.

पहिल्या आल्बमच्या वेष्टनावर गायक जसा व्हायचा असतो तसा दाखवायची पद्धत असते. इथे तो सकाळी होता तसा दाखवला. आल्बमच्या नावाला एक जुना धागाही आहे. 'जस्ट ॲज आय ॲम' हे एकोणिसाव्या शतकातलं एक प्रसिद्ध भजन. अमेरिकेतल्या चर्चमध्ये प्रवचन संपल्यावर लोकांना पुढे यायचं आवाहन होतं तेव्हा ते गायलं जातं. मी जसा आहे तसा येतो, असा त्याचा भाव. चर्चच्या बाकावर आजीशेजारी बसलेल्या मुलाच्या कानावर ते पडलं नसेल असं होणंच कठीण.

अंदाज चुकला तो कुठे

इतक्या तयार कानांच्या माणसांचाही एक अंदाज सपशेल चुकला, आणि प्रकरणातला हा भाग वगळला तर ते खोटं होईल. एकेरी तबकडी काढायची वेळ आली तेव्हा मुख्य बाजूला 'हार्लेम' ठेवलं आणि मागच्या बाजूला, भरतीला म्हणून, 'एन्ट नो सनशाइन'. व्यवहाराने बघितलं तर बरोबर होतं. 'हार्लेम'ला वेग आहे, ठेका आहे, चढत जाणारी चाल आहे. दुसऱ्या गाण्याला सुरुवात नाही, ध्रुवपद नाही, आणि मधे एक माणूस तेच दोन शब्द सव्वीस वेळा म्हणतो.

रेडिओवर तबकड्या लावणाऱ्यांनी ती उलटी केली. मागची बाजू वाजायला लागली आणि श्रोत्यांनी ती उचलून धरली. सप्टेंबरपर्यंत गाणं 'बिलबोर्ड' या संगीतविषयक साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर होतं. दहा लाखांवर प्रती खपल्या, सुवर्ण तबकडी मिळाली. कंपनीने त्याला सोनेरी रंगाची शौचालयाची बैठक भेट दिली. १९७२च्या ग्रॅमी समारंभात सर्वोत्तम आर अँड बी गीताचा पुरस्कार या गाण्याला मिळाला.

दरम्यान कारखान्याने त्याला कामावरून कमी केलं होतं. विदर्सने सांगितलेली आठवण अशी की एकाच दिवशी त्याला दोन पत्रं आली. एकात कारखाना त्याला परत कामावर बोलवत होता. दुसरं टीव्हीवरच्या जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो' या कार्यक्रमाचं निमंत्रण होतं.

तोच माणूस, दुसरी खोली

आल्बम चांगला झाला याचं श्रेय त्याच्या आवाजाला आणि लेखणीला आहेच. पण ते तेवढ्यानेच झालं असतं का? याची पडताळणी करायला पुढचं आयुष्य बघावं लागतं, कारण पुढे माणूस तोच होता, खोली बदलली.

ससेक्समध्ये असताना १९७२मध्ये त्याने 'स्टिल बिल' केला. त्यातलं 'लीन ऑन मी' पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७५मध्ये ससेक्स करांच्या थकबाकीत बुडाली आणि तो कोलंबिया या बलाढ्य कंपनीकडे आला. पैसा होता, स्टुडिओ होते. आणि सल्ले देणारे अधिकारी होते. एकाने त्याला एल्विस प्रेस्लीचं 'इन द घेटो' गा असं सुचवलं. 'ग्रँडमाज हँड्स' लिहिणाऱ्याला! कृष्णवर्णीयांनी काय गावं हे सांगणाऱ्या अशा गोऱ्या तज्ज्ञांसाठी विदर्सने 'ब्लॅक्सपर्ट' असा एक शब्दच तयार केला होता. चांगली गाणी तिथेही झाली, १९७७च्या आल्बममधलं 'लव्हली डे' आजही लोक गातात. पण १९७८नंतर सात वर्षं त्याचा स्वतःचा आल्बम निघाला नाही. १९८१मध्ये ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरबरोबर गायलेलं 'जस्ट द टू ऑफ अस' गाजलं ते दुसऱ्या कंपनीच्या तबकडीवर. १९८५मध्ये शेवटचा आल्बम करून सत्तेचाळिशीच्या आत-बाहेर त्याने तो धंदाच सोडला. परत आला नाही. २०१५मध्ये स्टीव्ही वंडरच्या हस्ते त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मानाने घेतलं गेलं, आणि ३० मार्च २०२० रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो गेला.

कोलंबियातल्या लोकांना गाण्यातलं कळत नव्हतं असं मी मानत नाही. पण त्या खोलीत कागद घेऊन बसलेल्यांना गाळलेल्या जागा दिसत होत्या, आणि त्या कशाने भरायच्या याची यादी त्यांच्याकडे तयार होती. बुकर टी.कडे यादी नव्हती. त्याच्यासमोर जाड बुटांतला एक माणूस होता, आणि तो काय गातोय ते तो ऐकत होता.

'एन्ट नो सनशाइन' पुढे कितीजणांनी गायलं. त्यातलं अगदी सुरुवातीचं एक १९७२च्या जानेवारीत आलं. मायकल जॅक्सन नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने आपल्या पहिल्यावहिल्या स्वतंत्र आल्बमसाठी हेच गाणं निवडलं. मी हे गाणं मैफलींत ऐकलंय, स्पर्धांत ऐकलंय, आमच्या स्टुडिओत गळा तपासायला आलेल्या मुलामुलींकडून ऐकलंय. दोन कडवी सगळेच सुरेख म्हणतात. मग ती जागा येते. काहीजण आठ-दहा वेळा म्हणून उरकतात आणि तिथे तान घेतात. काहीजण डोळे मिटून बोटांवर मोजत पूर्ण सव्वीस म्हणतात, आणि त्या वेळी मी काचेच्या अलीकडे बसून कुठल्याही बटणाला हात लावत नाही.